रिकाम्या आभाळाचं चित्र

बोईसरच्या सभागृहात पाऊल टाकलं आणि चित्र दिसायच्या आधी वास आला. लोखंडी गेटला मारतात त्या ऑइलपेंटचा ताजा वास, गोडसर, घशाच्या मागे चिकटून बसणारा. मी रुमाल नाकाशी धरला. मंडळाचा सचिव नितीन हसत पुढे आला.

"या मॅडम. तुमच्यासाठी सरप्राइज आहे. मधुकाकांचं चित्र आम्ही नवं करून घेतलं."

मंडळाने लढाऊ विमानांच्या चित्रांची स्पर्धा ठेवली होती आणि मला परीक्षक म्हणून पुण्याहून बोलावलं होतं. मी इथल्या तारापूरच्या कॉलनीत वाढले, आता शाळेच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते, एवढंच माझं भांडवल. बोलावणं स्वीकारलं ते मधुकाकांसाठी. त्याच कार्यक्रमात त्यांचा सत्कार होता.

नितीनने समोरच्या भिंतीकडे हात केला. मी पाहिलं, आणि खांद्यावरची पिशवी तिथेच खाली ठेवली.

मधुकाका माकुणसारचे. तरुणपणी हवाई दलात विमानांची देखभाल करायचे, युद्धातही होते. परत आल्यावर तारापूरच्या अणुवीज प्लांटच्या वर्कशॉपमध्ये लागले, तिथे माझ्या वडिलांशी त्यांची गाठ पडली. बाबा साताऱ्याकडचे, इथे ना शेत ना भावकी. त्यामुळे रविवार उजाडला की आम्ही माकुणसारला. पुढे केळीची नि पानवेलींची वाडी, मागे कौलारू घर आणि घराच्या उत्तरेला एक लांबट पडवी. त्या पडवीत काका चित्रं काढायचे. फक्त विमानांची.

पडवीचा वास मला अजून जसाच्या तसा आठवतो. जवसाचं तेल, टर्पेंटाइन, पिकायला घातलेली केळी, शिंपलेल्या पानवेलींची ओल. आणि ह्या सगळ्यावर मात करणारा, हिराकाकी चुलीवर भाजत असलेल्या सुक्या जवळ्याचा खमंग वास. आजही कुणाकडे जवळा भाजला की मला लढाऊ विमानं आठवतात. लोक हसतात. मीही आता सांगायचं सोडून दिलंय.

पडवीच्या भिंतीवर छापील चित्रं डकवलेली होती, भाताच्या खळीने. काकांनी नोकरीत असताना परदेशी मासिकांतून कापून आणलेली. कडा कसरीने खाल्लेल्या, दमट हवेने रंग थोडे फुटलेले. काढणाऱ्यांची नावं बहुतेक कात्रीच्या पलीकडे राहून गेली होती, म्हणून काकांनी त्यांना आपली नावं दिली होती. एक ढगवाला, एक खिळेवाला, एक चिखलवाला.

मला लहानपणी खिळेवाला फार आवडायचा. त्याच्या विमानाच्या पत्र्यावरचा एकेक रिव्हेट मोजून घ्यावा. काचेवरचा ओरखडा, चाकावर सांडलेलं तेल, पंखाखाली लिहिलेली मुंगीएवढी अक्षरं. मी नाक लावून बघत बसायची. काका म्हणायचे, "तो माणूस विमान रंगवत नाय, बाय. तपासतो. आमचा वॉरंट ऑफिसर तपासायचा तसा. चूक सापडायची नाय त्याच्यात, पण वारा पण सापडायचा नाय."

ढगवाल्याचं उलट. सगळा कागद आभाळाने भरलेला आणि विमान कुठे तरी कोपऱ्यात, तांदळात खडा दिसावा एवढंच. पण त्या खड्यामुळे ढगांना उंची यायची. खालचा ढग किती खाली आहे ते कळायचं. असे ढग कसे करायचे ते शिकायला काका मला आणि बाबांना घेऊन मुरब्याच्या किनाऱ्यावर जायचे, ओहोटीच्या वेळी. बांबूंच्या दांड्यांवर बोंबील वाळत असायचे, चिखलात होड्या कलंडलेल्या असायच्या, आणि आम्ही तिघं माना वर करून उभे. "आभाळ निळं नसतं," काका सांगायचे. "वर जरा निळं. खाली येशील तसं तांदळाचं धुवण. बघ नीट." करड्या रंगात ते काळा कधी मिसळत नसत. गडद निळा आणि भाजक्या मातीचा तांबूस, दोन्ही बोटभर घेऊन चाकूने घोटत बसायचे. त्यातून जो करडा निघायचा तो जिवंत असायचा, थोडा थंड, थोडा उबदार. डब्यातला तयार करडा त्यांना मेलेल्या माशासारखा वाटायचा.

चिखलवाला मात्र त्यांचा स्वतःचा आवडता. त्याच्या चित्रांत विमान बहुधा जमिनीवरच असे, तेही अर्धं ताडपत्रीखाली. धावपट्टीवर पाणी साचलेलं, पाण्यात ढग उतरलेले, आणि माणसं. कुणी बूट सोडून मोजे पिळतोय, कुणी मग हातात धरून वाफेवर तोंड शेकतोय. "हे खरं," काका म्हणायचे. "उडायचं काम घटकाभराचं. बाकीचा दिवस असाच जातो."

आणि दाराच्या मागे एक चौथा होता. प्लॅस्टिकच्या जुळवायच्या विमानांच्या खोक्यावरचं झाकण. त्यात तीन विमानं जळत होती, चौथं त्या जाळातून बाहेर येत होतं, वैमानिक दात दाखवून हसत होता. हा आगवाला. मी विचारलं होतं, आवडत नाही तर लावलं कशाला.

"दार लावलं की दिसतं ते. कधीतरी बघायचं," काका म्हणाले. "हसतोय बघ कसा. समोरच्या विमानात पण एक माणूस हाय, आणि तो जळतोय. हे काढणाऱ्याने त्या माणसाचा वास घेतलेला नाय."

एवढं बोलून ते बाहेर वाडीत गेले आणि बराच वेळ पाणी शिंपत राहिले. मी तेव्हा आठवीत असेन.

बोईसरला मंडळाचं सभागृह बांधून झालं तेव्हा समोरच्या भिंतीसाठी काकांकडे चित्र मागितलं गेलं. त्यांनी हार्डबोर्डचा अख्खा तक्ता आणला. पांढऱ्या अस्तराचे हात देऊन, पॉलिश पेपरने घासून तो इतका गुळगुळीत केला की हिराकाकी म्हणाली, यावर भाकऱ्या थापता येतील. मग माणसं उभी करायला सुरुवात झाली. वाडीवर येणारा शेजारी, काकांचा मेहुणा, आणि माझे बाबा. बाबा सकाळची पाळी करून आलेले, पायांत चपला, कपाळावर आडवा हात धरून अंगणात उभे. मान अवघडली की खाली बघायचे.

"साहेब, खाली नका बघू," काका ब्रश न थांबवता म्हणायचे.

"अहो पण वर आहे काय बघायला? नारळ."

"नारळ तर नारळ. पण डोळा हलवू नका."

चित्रात संध्याकाळ होती. धावपट्टीच्या कडेचं वाळलेलं गवत, सहा माणसं, सहाही वर बघत असलेली. बाबा डावीकडून दुसरे, कपाळावर हात. एकाने मान कलती करून कान दिलेला, कारण हंटर विमान लांबून येताना शीळ घातल्यासारखं वाजायचं. उजवीकडे एक तरुण, वैमानिक चढतो-उतरतो ती शिडी हाताने तोलून उभा. तो काका. आणि वरती चित्राचे तीनातले दोन भाग होतील एवढं आभाळ. वर जरा निळं, खाली तांदळाचं धुवण. त्यात काहीही नव्हतं, पक्षीदेखील.

मी वाट पाहिली. दोन रविवार गेले, आभाळावर काही आलं नाही.

"काका, विमान?"

"नाय."

"कधी काढणार?"

"नाय आलं ते," ते म्हणाले. मग पॅलेट पुसता पुसता, माझ्याकडे न बघता, "शिडी लय जड असते. हात भरून येतात. पण खाली ठेवावीशी वाटत नाय. ठेवली म्हणजे संपलं."

यापलीकडे त्या संध्याकाळबद्दल ते मला कधी काही बोलले नाहीत. कोणता वैमानिक, काय नाव, कुठल्या धावपट्टीवर, मला आजही ठाऊक नाही.

चित्र लागलं त्या दिवशी हिराकाकीला मासळी घालणारी मुरब्याची जानकीबाय मुद्दाम बघायला आली होती. टोपली बाहेर ठेवून, पदर खोचून ती चित्रासमोर उभी राहिली. आजूबाजूला भाषणं चालली होती, ती हलली नाही. शेवटी म्हणाली, "आमी पन असंच बघतो. दर्याकडं." आणि टोपली उचलून चालती झाली. काकांना त्या दिवशी हार, नारळ, सगळं मिळालं. घरी आल्यावर त्यांनी हिराकाकीला सांगितलं ते फक्त जानकीबायचं वाक्य.

हे चित्र नितीनने नवं करून घेतलं होतं.

आभाळाच्या मधोमध एक विमान होतं. दोन शेपट्यांचं, आजच्या काळातलं, नाक आमच्याकडे करून झेपावणारं. पोटाखाली क्षेपणास्त्रांची रांग. मागून पिवळ्या-लाल ज्वाळा, ज्वाळांच्या मागे तिरंगी धूर, आणि वरच्या कोपऱ्यात, जागा रिकामी राहिली म्हणून की काय, फुटलेल्या शत्रूच्या विमानाचे तुकडे. डब्यातला चकचकीत रंग, जाड. खालची माणसं मात्र तशीच. वाळलेल्या गवतात उभे असलेले माझे बाबा कपाळावर हात धरून त्या नाटकाकडे बघत होते. मला एखाद्या मयताच्या तोंडाला कुणी लाली फासल्यासारखं वाटलं. इतकी शिसारी आली की मी पायरीवर जाऊन थुंकले.

"कुणी सांगितलं होतं?" मी परत येऊन विचारलं.

नितीन गोंधळला. मुलगा वाईट नाही, कामाला वाघ आहे. "मॅडम, लोक विचारायचे. विमानाचं चित्र म्हणता, मग विमान कुठाय? फोटो काढला की मागे नुसतंच फिकट फिकट यायचं. आता बघा, स्टेजवरचा प्रत्येक फोटो उठून दिसतो."

बाजूला स्टुलावर उभा राहून एक पेंटर कार्यक्रमाच्या फलकावरची अक्षरं पुरी करत होता. नितीन म्हणाला, ह्यानेच केलं, राजूने. राजूने मान वळवली, हसला. "असली लगता है ना, मैडम? मोबाइल से देख के बनाया." त्याच्या हाताला काम सांगितलं, त्याने ते मनापासून केलं होतं. राग धरायला तिथे जागा नव्हती.

स्पर्धेची चित्रं दुसऱ्या भिंतीवर लावलेली. मी एका टोकापासून निघाले. आग, आग, धूर, आग. अर्ध्याहून जास्त तर मोबाइलला सांगून बनवून घेतलेली नि छापून आणलेली. एका विमानाला तीन पंख, एका वैमानिकाच्या हातमोज्यात सहा बोटं, सगळ्यांचे दात पांढरेशुभ्र. पावसात भिजलेली ताडपत्री नाही, चहा पिणारा कुणी नाही, ढगाला उंची नाही. दाराआडचा तो आगवाला बाहेर येऊन अख्खी भिंत व्यापून बसला होता. तेलात तळलेल्या वड्यांचा वास, नव्या फ्लेक्सचा रबरी वास आणि ऑइलपेंट, तिन्ही मिळून डोकं उठलं. नितीनने हळूच सांगितलं की नंबर तसे ठरलेत, देणगीदारांचं बघावं लागतं, तुम्ही फक्त आपल्या हस्ते बक्षिसं द्या. मी दिली. मुलं पाया पडली. त्यांच्या पाठीवर हात ठेवताना माझा हात मलाच ओशट वाटत होता.

काकांना मंडळाने गाडी पाठवून आणलं. काचबिंदूने त्यांचे डोळे गेलेत, उजेड-अंधार तेवढा कळतो. पांढरा सदरा, इस्त्रीची पॅंट, हातात काठी. माझा आवाज ऐकून त्यांनी माझं मनगट पकडलं.

"आलीस, बाय? वास कसला हाय हा? गेट रंगवलं काय?"

सांगायचं कसं ते ठरवेपर्यंत त्यांना मंचावर नेलं. शाल, नारळ, टाळ्या. ते चित्राला पाठ करून बसले होते. नितीनने माईक घेतला आणि सांगून टाकलं. "काकांच्या जुन्या चित्राला मंडळाने नवजीवन दिलंय. त्यात आता विमानपण आहे." पुन्हा टाळ्या.

काकांनी माईकसाठी हात पुढे केला. "कुठलं विमान?"

"फायटर, काका. एकदम लेटेस्ट."

"कुठं हाय?"

"मधोमध. वर."

काकांनी मागच्या भिंतीच्या दिशेने मान वळवली.

"मग ती माणसं कोणाची वाट बघतात?" काकांनी विचारलं.

"वाट कशाला बघतील? ते विमान बघतायत ना, काका," नितीन म्हणाला, आणि लोक हसले. त्यांना वाटलं म्हातारबुवा गंमत करतायत. काकांनी माईक परत दिला, शाल मांडीवर नीट घडी करून ठेवली आणि कार्यक्रम संपेपर्यंत हलले नाहीत.

लोक जेवायला मागच्या मांडवात गेले तेव्हा ते म्हणाले, "मला ने तिथं."

मी त्यांना भिंतीशी नेलं. त्यांनी काठी माझ्याकडे दिली आणि तळहात बोर्डावर टेकवला. बोटं आभाळावरून सरकली, थबकली. मग विमानाच्या नाकावरून पंखावर, पंखावरून ज्वाळांवर, त्या चरचरीत उंचवट्यांवरून सावकाश फिरली. अंगठ्याला लाल रंग लागला.

"वाळलं पण नाय अजून," ते म्हणाले. "किती जाड लावलंय."

"काका, हे निघेल. पुण्यात माझ्या ओळखीची एक बाई आहे, जुनी चित्रं साफ करते. तुमचं वार्निश खाली आहे, नवा रंग वरच्यावर सुटेल. मी नितीनशी बोलते."

"खालची माणसं?"

"आहेत तशीच."

"तुझा बाप?"

"आहे."

त्यांनी हात खाली घेतला. "साफ करशील. मग पुढल्या वर्षी हे दुसरं काय तरी काढतील. चित्र त्यांना दिलंय मी. दिलं ते दिलं, त्याच्यावरून भांडायचं नाय. पण खाली नाव माझं हाय ना?"

उजव्या कोपऱ्यात गवताच्या पात्यांमध्ये त्यांचं नाव होतं. मी हो म्हणाले.

"ते काढ."

मी नको म्हणाले, दोनदा म्हणाले. पाहिजे तर मंडळाला कडक पत्र लिहू, गावातल्या चार लोकांना घेऊन येऊ. ते ऐकून घेत राहिले, वाडीत पाणी शिंपताना असायचा तसा चेहरा करून. मग म्हणाले, "बाय, लोक उद्या पण येतील. बघतील. म्हणतील, हे मधुने काढलंय, मधुला असं वाटलं. तसं वाटलं नाय मला. एकदा पण नाय."

मी राजूकडे गेले. तो स्टुलाशी बसून वडापाव खात होता. ब्रश मागितला, त्याने काही न विचारता दिला. त्याच्या डब्यांत हिरवा होता, पिवळा होता, काळा नि पांढरा होता. मी पत्र्याच्या झाकणावर पिवळ्यात हिरव्याचा थेंब आणि त्या चकचकीत लालचा एक ठिपका घालून घोटत राहिले. वाळलेल्या गवताजवळ जाणारा रंग शेवटी जमला, फक्त फार चमकत होता. गुडघे टेकून मी पात्यांमधून पातं ओढावं तसा ब्रश वर नेला. नावातला म पहिला गेला. त्या वासाने डोळ्यांतून पाणी येत होतं, ते मी दंडाने पुसत होते.

नितीन हातात पत्रावळ घेऊन आला आणि तिथेच थांबला. "मॅडम, हे काय करताय?"

"मी सांगितलंय तिला," काका म्हणाले.

"पण काका, नाव नसेल तर चित्र कोणाचं म्हणून सांगायचं आम्ही?"

"ज्याने विमान काढलं त्याचं."

"तो पेंटर आहे, काका."

"मग? मी कोण होतो? बोलाव त्याला."

राजू हात पुसत आला. काकांनी त्याच्या आवाजाच्या दिशेने मान केली आणि नोकरीतल्या जुन्या हिंदीत त्याला म्हणाले, "यहाँ तुम्हारा नाम लिखो, भाई. काम तुमने किया है." राजूला आधी वाटलं त्याची टर उडवतायत. त्याने नितीनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. कुणीच हसत नाही हे बघून तो खाली बसला. आयुष्यभर दुसऱ्यांची नावं रंगवलेल्या त्या माणसाने माझ्याकडून ब्रश घेऊन दोनदा पुसला. ओल्या गवतावर त्याने पांढऱ्या रंगात नाव लिहिलं, खाली काळी सावली दिली, नावापुढे 'आर्ट्स, बोईसर' जोडलं.

मग तो थांबला. ब्रश वर धरून त्याने फार आदराने विचारलं, "चाचाजी, मोबाइल नंबर भी डाल दूँ?"

मी काकांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. त्यांनी माझ्याकडून काठी घेतली, जमिनीवर टेकून पाहिली.

"डाल दो," ते म्हणाले.

राजूने जीभ दातांत धरली आणि सुबक, सारख्या उंचीचे आकडे काढायला सुरुवात केली. आम्ही बाहेर उन्हात आलो. नितीनने मंडळाची शाल गाडीपर्यंत आणून दिली. काकांनी ती ड्रायव्हरला देऊन टाकली.